परदेशाची कमाई आणि गावचा सातबारा

रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमान वस्तीच्या गावांतून फिरताना दोन गोष्टी नजरेत भरतात. एक म्हणजे चिऱ्याची किंवा स्लॅबची मोठमोठी घरे, आणि दुसरी म्हणजे त्यांतल्या कित्येकांच्या दाराला लागलेली कुलुपे. मे महिन्यात ही कुलुपे उघडतात, लग्ने होतात, आंबे उतरवले जातात आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर घरे पुन्हा बंद होतात. बाहेरून आलेल्याला वाटते, हा सगळा दुबईचा पैसा. पण दुबई ही या गोष्टीतली अगदी अलीकडची पायरी आहे. देशाबाहेर राहून गावात जमीन घेण्याचा आपल्या लोकांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. त्याची खरी साधने ग्रंथालयात नाहीत, घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत.

उर्दू शाळेत शिकवीत असल्यामुळे अशी पेटी उघडून कागद वाचून दाखवण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. पेटीत बहुधा तीन प्रकारचे कागद निघतात. खरेदीखत किंवा गहाणखत मराठीत असते, फार जुने असेल तर मोडीत. पत्रे उर्दूत असतात. आणि मुखत्यारपत्र इंग्रजीत, केपटाऊन, कुवेत किंवा दोहा इथल्या शिक्क्यासह. एकाच जमिनीचे हे तीन कागद, पण तिन्ही वाचू शकेल असे माणूस घरात क्वचितच असते. पैसे पाठवणाऱ्याला उर्दू येई, तलाठ्याला मराठी आणि वकिलाला इंग्रजी. आपल्या जमिनींचे पुढे जे झाले त्यातले निम्मे या एका अडचणीतून झाले, असे माझे मत आहे.

सुरुवात जहाजांपासून झाली. कोकणात जमीन थोडी, त्यातही कातळ आणि वरकस जास्त. भाताच्या दळ्या चार महिन्यांच्या पावसावर. वर खोती. खोत गावाचा सारा सरकारात भरणार आणि कुळाकडून आपल्या मर्जीने वसूल करणार, अशी ती रीत. खोतांमध्ये ब्राह्मण होते, मराठे होते, तसे मुसलमानही होते, हे विसरून चालणार नाही. पण बहुसंख्य मुसलमान कुटुंबे खोत नव्हती. मुंबईच्या गोदीत सरंगाच्या ओळखीने जहाजावर चढणे हाच त्यांच्या तरुणांचा मार्ग होता. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकचे काम बहुतांशी कोकणी मुसलमानांकडे, इंजिनाच्या खोलीचे पंजाबी-पठाणांकडे आणि जेवणघराचे गोव्याच्या ख्रिस्ती लोकांकडे, अशी वाटणी अनेक वर्षे चालली. खलाशी, कसब, टिंडेल, सरंग अशा पायऱ्या चढत माणूस म्हातारा होई. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार फारच कमी, पण तो रोख होता. आणि कोकणात रोख पैसा दुर्मिळ होता.

या पगाराचा एक भाग 'अलॉटमेंट' म्हणून दरमहा घरी मिळण्याची सोय असे. नवरा लंडनच्या किंवा सिडनीच्या वाटेवर आणि त्याच्या पगाराचा हिस्सा बायकोच्या किंवा आईच्या हातात. जमिनीच्या खरेदीचे मूळ इथे आहे. त्या बाईने आधी सावकाराकडे गहाण पडलेली दळी सोडवली, मग शेजारची दळी घेतली, मग घरामागच्या उतारावर चार कलमे लावली. खलाशी दोन-तीन वर्षांनी घरी आला की गडगा घालून घेई आणि पुन्हा जाई. जुन्या पत्रांत तब्येतीच्या चौकशीखालोखाल जागा असते ती याच गोष्टींना: गडगा पुरा झाला का, कलमांना मोहोर किती, पावती मिळाली का. बाजारभाव वाढेल म्हणून जमीन घ्यावी हा विचार या पत्रांत मला आढळला नाही. जमीन असेल तर खोतापुढे मान वर राहते आणि मुलीला चांगले स्थळ येते, एवढाच त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

जहाजावरून उतरून काही जण परदेशी बंदरातच राहिले. खेड, चिपळूण, मंडणगड या भागांतून आणि आताच्या रायगड जिल्ह्यातून विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक जण केपटाऊनला गेले. कोणी फळे-भाजी विकली, कोणी किराणा दुकानात काम केले, कोणी पुढे स्वतःचे दुकान काढले. आजही तिथे 'कोकणी' हीच त्यांची ओळख आहे. त्यांनी कमावलेला पैसा गावाकडे का वळला, हे समजून घ्यायचे तर तिथले कायदे पाहावे लागतात. ट्रान्सवालमध्ये १८८५ च्या कायद्यानुसार आशियाई माणसाला ठरवून दिलेल्या वस्त्यांबाहेर स्थावर मालमत्ता घेता येत नव्हती. केपमध्ये तेवढी सक्त बंदी नव्हती, पण १९०६ च्या कायद्यानंतर गावी यायचे तर परवाना काढूनच निघावे लागे, आणि मुदत टळली की परतीची वाट बंद. १९१३ च्या कायद्याने नव्या माणसांना दार जवळजवळ लागलेच. १९५३ मध्ये भारतातून बायको-मुलांना नेण्याचा हक्कही गेला. मधल्या काळात, १९४६ साली, भारताने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. निषेध योग्यच होता, पण ज्यांचे अर्धे घर इकडे आणि अर्धे तिकडे त्यांना येणे-जाणे आणि पैसे पाठवणे आणखी अवघड झाले. १९५० मध्ये ग्रुप एरियाज ॲक्ट आला आणि १९६६ मध्ये केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी राखून ठेवल्याचे जाहीर झाले. पुढच्या वर्षांत तिथून साठ हजारांवर माणसे हलवली गेली. ज्या देशात चाळीस वर्षे राहिलेल्या घरातूनही माणसाला काढता येते, तिथला दुकानदार खेडजवळच्या दोन एकरांवर जीव टाकतो, यात नवल नाही.

याच काळात रत्नागिरीने याच्या उलट प्रकारही पाहिला. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून इथे नजरकैदेत होता. १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्याच्यासाठी राजवाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. गावातली सर्वांत मोठी वास्तू परदेशी माणसासाठी उभी राहिली, पण ती त्याच्या मालकीची नव्हती. आपले लोक मात्र परक्या मुलखात भाड्याच्या खोलीत राहून इथे मालकीची वास्तू बांधीत होते. असो.

स्वातंत्र्यानंतर जे झाले ते आपल्या लोकांनी फारसे लिहून ठेवलेले नाही. घरात मात्र अजून कडवटपणाने बोलले जाते. म्हणून त्यावर थोडे थांबतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्याआधी १९४८ मध्ये मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला होता. त्यातल्या पुढच्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. किंमत आकाराच्या साधारण २० ते २०० पटींत आणि तीही हप्त्यांनी. ज्या मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत हवी असेल त्याने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यायची आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलतदाराकडे अर्ज करायचा होता.

आता विचार करा, त्या डिसेंबरात आपला सरंग कुठे होता? बहुधा अरबी समुद्रात नाही तर भूमध्य समुद्रात. केपटाऊनवाल्याला पत्र पोचायलाच कित्येक आठवडे लागत. विधवा, अज्ञान मुले, अपंग आणि सैन्यातले जवान यांच्यासाठी कायद्याने मुदत पुढे ठेवली होती, पण व्यापारी जहाजावरच्या खलाशाचा किंवा परदेशातल्या दुकानदाराचा त्यात उल्लेख नव्हता. कित्येकांना मुदत संपल्यावरच कळले की आपण घेतलेली जमीन आता आपली नाही.

तरीही 'कुळकायद्याने मुसलमानांच्या जमिनी गेल्या' हे वाक्य जसेच्या तसे मान्य करण्यासारखे नाही. एक तर जमिनी ब्राह्मण आणि मराठा मालकांच्याही गेल्या, आणि मिळाल्या त्या कुणब्यांना, दलितांना आणि मुसलमान कुळांनाही. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवला त्याला जमीन मिळाली, हे न्यायाला धरूनच झाले. दुसरे असे की कायदा गैरहजर माणसाला नव्हे, तर गैरहजर कुटुंबाला शिक्षा करीत होता. 'स्वतः कसणे' याच्या व्याख्येत मालकाने नांगर धरलाच पाहिजे असे नव्हते. रोख किंवा धान्याची मजुरी देऊन गड्यांकडून काम करून घेतले आणि देखरेख मालकाची किंवा त्याच्या कुटुंबातल्या कोणाची असली, तरी ते स्वतः कसणेच होते. फक्त पिकाचा वाटा देऊन, म्हणजे अर्धेलीने, जमीन दिलेली नसावी. म्हणजे फरक कुठे पडला? ज्या घरात बायको किंवा आई पहाटे उठून बांधावर उभी राहत होती, गडी लावून लावणी-कापणी करून घेत होती, ते घर कायद्याने शेतकरी ठरत होते. आणि ज्याने चार पैसे येताच खोताची नक्कल केली, जमीन अर्धेलीने टाकली आणि बायकोला ओटीवर बसवले, तो जमीनमालक ठरला आणि त्याची जमीन कुळाकडे गेली. अशी दोन घरे एकाच वाडीत शेजारी शेजारी दाखवता येतील. खलाशाची जमीन राखली ती खलाशाच्या बाईने. मोठेपणा मात्र खलाशाच्या वाट्याला गेला.

फाळणीचाही धागा यात आहे. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्यांपैकी काही जण कराचीला गेले. तिथे आजही कोकणी लोकांची वस्ती आहे. इकडे १९५० चा निर्वासित मालमत्तेचा कायदा होता आणि १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता शत्रू मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाकडे गेली. १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने अशा मालमत्तेवरचा वारसाहक्कही संपवला. सामाईक सातबाऱ्यावर चार भावांपैकी एकाचे नाव कराचीत राहिलेल्याचे असेल, तर उरलेल्या तिघांनाही विक्री, वाटणी, कर्ज या प्रत्येक टप्प्यावर अडचण येते. नाव वेळीच वेगळे करून घेतले असते तर, असे आता म्हणायचे. त्या वेळी भाऊ परत येईल अशीच आशा होती.

आखाताचे पर्व यानंतर आले. पण त्याचीही सुरुवात समजतो त्याहून जुनी आहे. कुवेत, बहरीन, कतार, दुबई या भागांत भारतीय रुपयाच चालत असे. तिथे मिळालेली नोट रत्नागिरीच्या बाजारात तशीच चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला, १९६५ मध्ये बहरीनने आपले चलन काढले आणि १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर उरलेल्यांनीही रुपया सोडला. तेव्हापासून परदेशाचा पैसा म्हणजे वेगळ्या नावाचा, वेगळ्या भावाचा पैसा झाला. १९७३ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि वेल्डर, ड्रायव्हर, शिंपी, प्लंबर, स्वयंपाकी यांची रीघ लागली. जमीन गहाण ठेवून किंवा आईच्या बांगड्या मोडून एजंटाचे पैसे भरायचे, दोन वर्षांत ते फेडायचे, आणि तिसऱ्या वर्षी घराचा पाया घालायचा, हा क्रम ठरून गेला.

इथे एक बदल झाला, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. खलाशाने आधी जमीन घेतली आणि मातीच्या घरातच तो म्हातारा झाला. आखातवाल्याने आधी घर बांधले. कारण साधे आहे. तो कंपनीच्या खोलीत आठ-दहा जणांत झोपत होता. नोकरी संपली की व्हिसा संपणार, तिथली एक वीटही त्याच्या नावावर होणार नाही, हे त्याला ठाऊक होते. दुबईने २००२ मध्ये परदेशी लोकांना काही भागांत मालकी हक्काने घर घेऊ देण्यास सुरुवात केली आणि २००६ मध्ये तसा कायदाही केला, पण ती सोय कामगारांच्या वस्तीत राहणाऱ्यासाठी नव्हती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि पुढे कुवेती दिनार चलनातून काढून टाकला. लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्यांत आपले लोकही होते. बँकेतले हाताशी नव्हते, खिशातल्या नोटांना किंमत नव्हती, आणि उरले ते गावचे घर. त्यानंतर घर बांधण्याचा सोस कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तो निव्वळ बडेजाव होता असे शहरातले लोक म्हणतात. मला ते पटत नाही, जरी दोन माणसांसाठी सहा खोल्या बांधणे मलाही समजत नाही.

मग घरापाठोपाठ बाग घ्यायची वेळ आली आणि तिथे कायद्याने अडवले. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने, म्हणजे फेराने, परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना इथे स्थावर घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागू केली. केपटाऊन, नैरोबी आणि लंडनवाल्यांना हा फटका होता. १ जून २००० पासून फेमा आला. त्याने अनिवासी भारतीयाला घर, फ्लॅट, दुकान घेण्याची मोकळीक दिली, पण शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस यांची खरेदी वगळली. आपल्याकडे आंब्याची बाग ही शेतजमीनच. म्हणजे दोह्यात काम करणारा माणूस रत्नागिरी शहरात फ्लॅट घेऊ शकतो, पण वडिलांच्या कलमांना लागून असलेली दहा गुंठे विकाऊ जागा स्वतःच्या नावावर घेऊ शकत नाही. वारसाने आलेली शेतजमीन मात्र त्याला ठेवता येते, आणि इथे राहत असताना घेतलेली असेल तीही. विकायची तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

साहजिकच पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, अशी वाट लोकांनी धरली. बहुधा नाव भावाचे. बायकोपेक्षा भाऊ बरा, असा त्या वेळचा सल्ला असे. कायद्याची दृष्टी नेमकी उलटी होती. १९८८ च्या बेनामी व्यवहार कायद्यात सूट होती ती पत्नी आणि अविवाहित मुलीच्या नावाला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पत्नी आणि मुले यांना सूट राहिली. भावाच्या नावाने घ्यायचे तर कागदावर दोघेही सहमालक दिसले पाहिजेत. विश्वासाने भावाच्या एकट्याच्या नावावर ठेवलेल्या बागा पुतण्यांनी 'आमच्या बापाची' म्हणून ठेवून घेतल्या, अशी उदाहरणे प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. पुतण्यांना दोष देणेही सोपे नाही. वीस वर्षे फवारणी आणि राखण त्यांनीच केलेली असते.

दुसरी वाट मुखत्यारपत्राची. नोंदणीच्या कामासाठी परदेशातून द्यायचे मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर, न्यायालयात किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित व्हावे लागते आणि ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हे न कळल्यामुळे अडकलेले कागद मी पाहिले आहेत. त्याहून धोक्याचा प्रकार म्हणजे मुखत्यारपत्र हीच खरेदी समजणे. पैसे दिले, कब्जा घेतला, मुखत्यारपत्र करून ठेवले, खरेदीखत 'सुट्टीत आल्यावर'. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही. तोवर कित्येक सुट्ट्या येऊन गेल्या होत्या.

आता राहिले वारस. मयताची नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावी असे महसूल कायदा सांगतो. आपल्याकडे आजोबांचे नाव सातबाऱ्यावर तसेच असते, कारण एक मुलगा कुवेतला, एक बर्मिंगहॅमला आणि मुली चार गावांत. शरीअतने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा दिला आहे आणि मुले असतील तर विधवेला आठवा, म्हणजे जुन्या रुपयातले दोन आणे. १९३७ च्या शरीअत कायद्यात शेतजमीन वगळली होती, असे सांगून काही जण मुलींची नावे गाळू पाहतात. ही पळवाट आहे. दीनदार म्हणवणाऱ्या घरांतही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेताना तिला तिचा हिस्सा किती होता हे सांगितले जात नाही. ज्या दळ्या आजीने अलॉटमेंटच्या पैशांतून सोडवल्या, त्या दळ्यांत तिच्या लेकीचे नाव नाही. परदेशातल्या भावाचे नाव मात्र आहे, आणि त्याने ती जमीन पंधरा वर्षांत पाहिलेली नसते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पीक कोणते हे पूर्वी तलाठी लिहीत असे. आता खातेदाराने स्वतः मोबाईलवरच्या ॲपमध्ये भरायचे आणि शेतात उभे राहून फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेची नोंद आपोआप जाते, त्यामुळे तो दोह्यातून काढता येत नाही. नोंद झाली नाही तर बहरलेली बागही कागदावर पड दिसू शकते, आणि नुकसानभरपाईच्या वेळी ते कळते. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ही त्यातली चांगली सोय. आमच्याकडे हंगामात ज्या बायका कलमांखाली फोन धरून उभ्या असलेल्या दिसतात, त्या नवऱ्याची, दिराची आणि आफ्रिकेतल्या चुलत सासऱ्याची अशी तीन-तीन खाती भरत असतात. त्यांतल्या बहुतेकींचे स्वतःचे खाते नाही.